बस्त्यातली सही

धुळ्याच्या देवपुरात पंडित देवरे कुठे राहतात असं विचारलं तर माणसं डोकं खाजवायची. वायरमन आबा म्हटलं की शेंबडं पोरगंही घर दाखवायचं. वीज बोर्डातली उभी हयात आबांनी खांबावर काढली. शिरपूरच्या वरच्या पाड्यांवर पहिला बल्ब पेटला तेव्हा खांबावर आबा होते, आणि वादळात निम्मं धुळे अंधारात बुडायचं तेव्हाही खांबावर आबाच. हाताला घट्टे, पोटऱ्या सुंभासारख्या पिळलेल्या, आणि हाडात मुरलेली एक सवय. कुठल्याही तारेला हात लावायच्या आधी ती जिती आहे की मेलेली हे बघायचं. सबस्टेशनला विचारायचं, पुन्हा विचारायचं, मग टेस्टर लावायचा, आणि मगच हात. नव्या पोरांना ते सांगत, "भो, तार कोनी सगी नही. पहिले इचारानं, मंग हात लावाना." बरोबरीचे दोघं जण न विचारता हात लावून गेले. आबा मात्र धडधाकट अंगानं रिटायर झाले.

कागदाच्या बाबतीत हाच माणूस अगदी उलटा. कागद पुढे आला की सही. समोरच्याच्या तोंडावर कागद वाचत बसणं म्हणजे त्याला चोर म्हणणं, असं त्यांच्या बापानं शिकवलं होतं. गावाकडे सोसायटीचा सेक्रेटरी आलेल्या माणसाकडून कोऱ्या फॉर्मांवर अंगठे घेऊन ठेवायचा, आणि माणसं देत. कोणी फॉर्म उलटून पाहिला तर लोकच त्याला हसायचे, की याची नियत खोटी दिसते. आबांना अंगठ्याच्या जागी सही यायला लागली, एवढाच काय तो दोन पिढ्यांत फरक.

फंडाची रक्कम आली ती त्यांनी बँकेत ठेव म्हणून टाकली. मॅनेजर घाटपांडे पुण्याकडचे, बोलायला गोड. त्या साली त्यांना वरून हुकूम आला होता की शाखेनं इतकी क्रेडिट कार्डं खपवायचीच. धुळ्यात कार्ड घेणार कोण? तर ज्यांच्या ठेवी आहेत ते. असं ते आबांच्या पदरात पडलं.

"आबा, आता नोटा बाळगायच्या नाहीत," साहेब म्हणाले. "दुकानात हे दाखवायचं, सही करायची, माल घरी. महिन्यानं हिशेबाचा कागद येईल, तेवढे भरून टाकायचे."

"आन नाही भरले तर?"

"तुमची ठेव आहे ना आमच्याकडे," साहेब हसून म्हणाले.

घरी सुगंधाबाईंनी ते कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "हाई काय शे? एस्टीना पास?"

"पैसा मोजानं काम नही आते. नुसतं हाई दखाडाना."

"मंग दुकानदार काय येडा शे?"

पण कार्डावर नवऱ्याचं नाव उठावदार अक्षरांत उमटलेलं होतं, बोटाला लागत होतं. बाईंना ते भांड्यावर घातलेल्या नावासारखं वाटलं. घरात जे जे किमतीचं ते ते देवघरात, या न्यायानं कार्ड देवघरात गेलं. दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू पडलं, लक्ष्मीपूजनाला पुन्हा पडलं, आणि ते कुंकू त्या अक्षरांच्या फटीत असं बसलं की पंडित देवरे हे नाव लालभडक झालं. आबांनीही पुसलं नाही. देवाचं कुंकू कोण पुसतो?

त्या कार्डाला पहिलं काम लागलं सुनंदाच्या लग्नात. सुनंदा एकुलती एक. जळगावच्या रतिलाल भामऱ्यांकडे तिला दिली. भामऱ्यांचं पीव्हीसी पाइपांचं दुकान, वर माडीचं घर, जावई योगराज बापाच्या हाताखाली दुकानातच. वायरमनच्या पोरीला असं घर मिळालं म्हणून गल्लीत बायका सुगंधाबाईंचा हात हातात घेऊन बघायच्या, की कुठली रेघ ही. लग्न माघात लागलं. पोरगी गेली. घरात दोन माणसं आणि मांडवाचे खड्डे उरले.

मांडवाची माती बुजली नव्हती तोच हिशेबाचा कागद आला. इंग्रजी. आबांना ट्रान्सफॉर्मरवरच्या पाट्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरं लागायची. ओसरीवर बसून त्यांनी एकेक अक्षर जुळवलं. पहिली ओळ बस्त्याच्या दुकानाची, चंद्रकला वस्त्रालय, धुळे. ती बरोबर. तिच्याखाली दुसरी ओळ. के. एस. ट्रेडिंग, सुरत. अकरा हजार आणि वर काही.

आबांनी कागद उन्हात धरला, सावलीत धरला. ओळ तीच.

"सुरतले कोन गयथं?" सुगंधाबाईंनी आतून विचारलं.

"कोनी नही."

"मंग सुरतले तुम्हनी कोनी ठेयेल शे का? सांगी द्या, मी काय म्हननार नही. अकरा हजारनी शे ते धड तरी व्हई."

आबा हसले नाहीत. सुरतेला ते जन्मात गेले नव्हते. कार्ड देवघरातून फक्त बस्त्याच्या दिवशी निघालं होतं आणि त्याच दिवशी परत कुंकवाच्या करंड्याशेजारी जाऊन बसलं होतं. मग हे सुरतेचं भूत आलं कुठून? त्यांनी कार्ड काढून पाहिलं. जागच्या जागी होतं.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. घाटपांडे साहेबांनी कागद पाहिला आणि चष्मा वर केला.

"हे तुम्ही घेतलेलं नाही?"

"नाही साहेब. सुरत मी नकाशातसुद्धा पाहिली नाही."

"सही कोणाकोणापुढे केलीत?"

"बस्त्याच्या दुकानात. तेवढीच."

"कार्ड हातात कोणाच्या होतं तिथं?"

"मुनीमाच्या. वना नाव आहे त्याचं. पण तो आमच्या ओळखीचा आहे, साहेब."

"आबा, ओळखीचेच असतात," साहेब म्हणाले. "घरी सगळ्यांना विचारलंत ना?"

"घरात आम्ही म्हातारा-म्हातारी दोघंच."

हे बोलताना आबांना काही वावगं वाटलं नाही. दिलेली लेक घरात मोजायची नसते. ती त्या घरची.

साहेबांनी एक छापील फॉर्म काढला. इंग्रजीत भरभर लिहिलं, खुणा केल्या, फॉर्म आबांकडे फिरवला. "इथं सही. आणि इथं."

आबांनी सही केली. इथं आणि इथं. काय लिहिलंय हे विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही, आलं. पण साहेब एवढा आपल्यासाठी उन्हाच्या वेळी लिहीत बसला, त्याच्यापुढे कागद वाचायला घ्यायचा? बरं दिसत नाही. त्या फॉर्मात साहेबांनी लिहिलं होतं की कार्डधारकाच्या नावाने खोटी सही करून फसवणूक झालेली आहे, संशय दुकानातल्या माणसावर. आबांना हे कळलं ते फार पुढे.

"आता तुम्ही निवांत राहा," साहेब म्हणाले. "मुंबईचं ऑफिस बघून घेईल."

आबा खरंच निवांत झाले. फाल्गुन गेला, चैत्र लागला. खानदेशात चैत्र लागला की लेकीच्या आईबापाच्या डोक्यात एकच गोष्ट असते, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दिवाळीला लेक आली नाही तर चालेल, आखाजीला आलीच पाहिजे. आणि लग्नानंतरची पहिली आखाजी असेल तर बोलायलाच नको. माहेरून माणूस मुऱ्हाळी म्हणून जातो, सांजोऱ्यांचा डबा घेऊन जातो आणि लेकीला घेऊनच येतो. रिकामा मुऱ्हाळी गावानं पाहू नये असं म्हणतात.

सुगंधाबाईंनी रवा भाजला. मांड्यांचं खापर कोनाड्यातून काढून घासलं. आबांनी बोर्डातला जाड दोर माळ्यावरून खाली घेतला. घरापुढच्या निंबावर रिटायर झाल्यापासून ते पहिल्यांदाच चढले आणि अशा उंच फांदीला झोका बांधला की गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "आबा, पोर झोका खेळनार शे का लाइन दुरुस्त करनार शे?"

"मनी पोर शे ती," आबा वरूनच म्हणाले. "तिले उंच लागस."

खाली उतरून त्यांनी दोराला स्वतःचं सगळं वजन टाकून पाहिलं. दोनदा. दोर कोणाचा सगा नाही.

आखाजीला थोडे दिवस असताना वना मुनीम लुनावरून आला. दुपारचं ऊन होतं, तरी त्यानं पाणी घेतलं नाही, लुना स्टँडवरही लावली नाही. तशीच टांगेत धरून उभा.

"आबा, आम्ही तुम्हले चोर वाटनूत का?"

"काय व्हयनं, वना?"

"मुंबईथाईन माणूस उना व्हता दुकानमा. टाय लाईसन. मी खोटी सही करी म्हने. बठ्ठा गिऱ्हाइकसमोर माले इचारं त्यानी, तुम्हीच का वना म्हनीसन."

आबांना काही उमजेना. "मी तुनं नाव नही दिन्हं. मी ते सुरतनं इचारं. के. एस. ट्रेडिंग."

वनानं लुना स्टँडवर लावली. मग सावकाश म्हणाला, "आबा, के. एस. ट्रेडिंग म्हंजे आम्हना वरना मजला. शालूसना. तो शेठना भाऊना नावे शे. भाऊ सुरतले ऱ्हास."

आबा ओसरीच्या पायरीवर बसले.

"तुम्हनीच सही शे," वना म्हणाला. "मन्हा डोयासमोर करेल शे."

आणि मग आबांना बस्त्याचा तो दिवस, तारेवर ठिणगी सरकत यावी तसा, एका टोकापासून आठवत आला.

जळगावहून भामऱ्यांची जीप भरून माणसं आली होती. दुकानात पांढऱ्या गाद्या, चहा, शेव, पुन्हा चहा. बायका गाद्यांवर, साड्यांचे थर त्यांच्यापुढे. बोलणं असं झालं होतं की ज्याचा बस्ता त्यानं करायचा. आबांच्या बाजूचा बस्ता बांधून झाला. वना कार्डाचं यंत्र घेऊन आला, कार्ड बसवलं, वर चिठ्ठी ठेवली, दांडा सरकवला. चिठ्ठीवर नाव उमटायच्या जागी लाल डाग. अक्षरांत कुंकू भरलेलं. दुकानभर हशा पिकला. व्याही रतिलाल भामरे मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या याहींनी बँकेलाही कुंकू लावलं." वनानं धोतराच्या सोग्यानं कार्ड पुसलं, ती चिठ्ठी फाडली, दुसरी घेतली, आबांनी सही केली.

मग विहीणबाई बेबाबाई आणि त्यांच्या जावा वरच्या मजल्यावर गेल्या. सुनंदाही त्यांच्यामागून गेली. खाली आबा आणि रतिलाल पानाला चुना लावत बसले. बऱ्याच वेळानं वना पुन्हा यंत्र घेऊन आला. रतिलाल म्हणाले, "द्या याही, काढा तुमचं ते कुंकवाचं कार्ड. पुन्हा बघू द्या आम्हाला." सगळे हसले. आबाही हसले. दांडा पुन्हा सरकला, चिठ्ठी पुढे आली. आबांना वाटलं, कुंकू पुन्हा नडलं, मघाची सही वाया गेली. खिशात चष्मा होता. पण याही मांडीला मांडी लावून बसलेला. त्याच्या देखत चष्मा काढून आकडा बघायचा म्हणजे उद्या जळगावात बोललं जाईल, की वायरमन बघा, सहीआधी चिठ्ठी चाटतो. आबांनी वर पाहतच सही केली. पावती बस्त्याच्या गाठोड्यात गेली आणि गाठोडं जीपमधून जळगावला गेलं.

"वरनी खरेदी जयगाववाला बायासनी व्हती," वना सांगत होता. "जावासना शालू, नंदसना शालू. बिल कोनावर फाडू म्हनीसन मी इचारं. त्या बाईनी सांगं, आम्हना याहीवर. मी रतिलाल भामरेसले इचारं. त्या म्हने, हा, त्यासनंच कार्ड चालस. मी तुम्हना समोर उनू. तुम्ही सही करी. यामा मनं काय चुकनं, आबा?"

"तुनं काय नही चुकनं."

"शेठनी जयगावले फोन करा काल. तुम्हना याही काय केस लावी ऱ्हायनात म्हनीसन."

आबांनी वर पाहिलं. "जयगावले फोन करा?"

"मंग कोनले करतीन? बिलवर माल लेनार म्हनीसन त्यासनं नाव शे."

वना गेला. सुगंधाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आते?"

आबा तसेच उठून बँकेत गेले. साहेबांपुढे हात जोडले. "साहेब, ते माझंच आहे. सही माझीच. पैसे ठेवीतून कापून घ्या. तेवढा तो कागद परत द्या."

साहेब पहिल्यांदा जरा वैतागले. "आबा, हे आधी नाही का आठवलं? मी वर लिहून बसलो."

"चुकलं साहेब."

"मी कळवतो. पण कागद आता माझ्याकडे नाही, मुंबईला आहे. तिकडे चौकशी निघाली की ती पुरी होते. दुकानाकडून बिल मागवतात, बिलावर ज्यांचं नाव त्यांना पत्र जातं. ते कोणी एक माणूस करत नाही, आबा. आपोआप होतं ते."

"पत्र जाऊ नये असं काही करा."

"गेलं असेल," साहेब म्हणाले. "सोमवारीच गेलं असेल."

आबांनी आयुष्यभर एक यंत्रणा पाहिली होती. कुठंही लाइनवर माणूस चढलेला असला की एका फोनवर सगळा पुरवठा बंद व्हायचा. स्वतःला शहाणं समजणाऱ्या या बँकेत तसा एक फोन नव्हता. पैसे कापून घ्यायला मात्र साहेबांनी लगेच फॉर्म काढला. आबांनी त्यावरही सही केली.

घरी आल्यावर सुगंधाबाई म्हणाल्या, "तुम्ही जावाच. पाय धरा त्यासना. पोरले संगे लई या, बाकी काय बी व्हवो."

आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. सांजोऱ्यांचा डबा, वर आंब्यांची पिशवी. आखाजीच्या दोन दिवस आधी जळगावची एस्टी धरली. पारोळा, एरंडोल मागं पडलं. त्याच रस्त्यानं मुऱ्हाळी भरभरून चालले होते. कोणाच्या मांडीवर डबा, कोणाच्या पायाशी पिशवी. शेजारच्या माणसानं विचारलं, "लेकले घेवाले का?"

"हा," आबा म्हणाले.

"पहिली आखाजी?"

"हा."

"मंग मज्या शे तुम्हनी."

भामऱ्यांच्या दुकानात पाइपांची चळत रस्त्यापर्यंत आली होती. योगराज गल्ल्यावर होता. त्यानं सासऱ्याला पाहिलं, उठला, खाली वाकून पाया पडला, आणि वर न बघताच गल्ल्यातल्या चिल्लरीकडे बघू लागला. "वर जा. दादा वरच आहेत," एवढंच बोलला.

वर रतिलाल भामरे झोपाळ्यावर बसले होते. "या पंडितराव," ते म्हणाले. याही म्हणाले नाहीत. आबांनी डबा खाली ठेवला. तो उचलायला आतून कोणी आलं नाही.

"मी माफी मागायला आलो," आबा म्हणाले. "माझं अडाणीपण झालं. मला नाव कळलं नाही."

"पंडितराव, लग्नानंतर मी जळगावात काय सांगत फिरलो, माहीत आहे तुम्हाला?" रतिलालांचा आवाज चढलेला नव्हता. तसा चढला असता तर बरं झालं असतं. "मी म्हणालो, आमचा धुळ्याचा याही वायरमन आहे, पण मनानं राजा आहे. बोलणं नसताना आमच्या घरच्या सगळ्या बायांना शालू नेसवले. आमची बहीण तो शालू नेसून तीन लग्नांत गेली. विचारलं त्याला सांगितलं तिनं, याहींनी दिला. आणि परवा पोस्टमन बँकेचं पत्र घेऊन आला. इंग्रजी. योगराजनं वाचून दाखवलं. भावकी बसलेली होती इथं. काय लिहिलंय त्यात? की ही खरेदी चोरीची आहे काय, याचा खुलासा करा."

"मी चोरी म्हटलं नव्हतं."

"सही तुमचीच आहे ना खाली?"

सही त्यांचीच होती. बस्त्यातलीही त्यांचीच, फॉर्मावरचीही त्यांचीच.

बेबाबाई आतून आल्या. त्यांनी दारातच पदर सावरला. "आम्ही साड्या परत बांधून ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "घेऊन जा. जावांकडच्याही मागून घेतल्या. मागताना माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच माहीत."

"नको विहीणबाई. त्या तुमच्याच. पैसे भरून झाले."

"भरून झाले, हेही ऐकवायला आलात का?"

आबांना कळेना की कुठलं वाक्य बोललं तर ते जितं निघणार नाही. ते ज्याला हात लावत होते त्याला करंट होता. तरी त्यांनी विचारलंच, कारण विचारायलाच ते आले होते. "आखाजी आहे. पोरीला चार दिवस घेऊन जातो. तिची आई वाट पाहते."

रतिलालांनी झोपाळा पायानं थांबवला. "पोरगी आता आमची आहे. तिला कोणी काही बोलणार नाही, तिकडून तुम्ही बेफिकीर राहा. पण असं करा. बँकेकडून कागद आणा. भावकीत वाचून दाखवता येईल असा. की भामरे चोर नाहीत, आणि तक्रार खोटी होती. तो कागद आणा आणि त्याच पावली लेकीला घेऊन जा."

आबांना घाटपांडे साहेबांचा चेहरा दिसला. बँक असा कागद देत नाही, कोणालाच देत नाही, हे न विचारताही त्यांना ठाऊक होतं. बँक फार तर लिहील, प्रकरण बंद. रतिलालही हे ओळखून होते की नव्हते, त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"आणतो," आबा म्हणाले.

"सुनंदा, वडलांना पाणी दे," बेबाबाई म्हणाल्या, आणि दोघं नवराबायको आत गेले. तेवढी माणुसकी त्यांनी केली.

सुनंदा तांब्या घेऊन आली. हातात हिरवा चुडा अजून नवा होता. ती रडली नव्हती. आबांनी पाणी प्यायलं.

"पोरी, बँकना सायेब म्हने..." त्यांनी सुरुवात केली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मी तठे वर व्हती. मन्हा समोर शालू काढात त्यासनी. माले वाटनं, तुम्हीच इकत लईसन दिन्हात. तुम्ही सांगं नही, तरी तुम्हीच दिन्हात, आसं वाटनं माले. लई बरं वाटनं व्हतं. आख्खी गल्लीमा मी तेच सांगेल शे."

आबांच्या हातातला तांब्या तिनं घेतला.

"तुम्ही मुंबईले इचारं," ती म्हणाली. "माले एक सबद इचारं ऱ्हातं ते."

आतून भांड्याचा आवाज आला. ती डब्याकडे न बघता आत गेली. डबा तिथंच राहिला. परत न्यायचा नसतो, म्हणून आबांनी नेला नाही. खाली योगराज गिऱ्हाइकाला पाइप मोजून देत होता. त्यानं पुन्हा पाया पडायला हात पुढे केला, पण मध्ये गिऱ्हाईक होतं.

परतीच्या एस्टीत मघासारखीच गर्दी, फक्त आता मुऱ्हाळ्यांशेजारी लेकी बसलेल्या. नव्या साड्या, मांडीवर पोरं, खिडकीतून बाहेर बघत कोणाचं शेत कोणतं ते सांगणाऱ्या. कंडक्टर आबांच्या ओळखीचा निघाला. "आबा, एकच?" त्यानं विचारलं.

"एकच," आबांनी पैसे दिले.

स्टँडपासून घरी जायचं तर रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडते, आणि तिथं निंबाखाली बायका असणार. रिकामा मुऱ्हाळी त्यांनी बघितला असता. म्हणून आबा पुलाच्या अलीकडेच रिक्षातून उतरले आणि पांझरेच्या पात्रातून चालू लागले. नदीला पाणी नव्हतं, नुसती वाळू आणि दगड. पलीकडच्या काठावर देवपुराची मागची बाजू दिसत होती, न्हाणीघरांच्या भिंती, उकिरडे, आणि त्यांच्यावर उंच निंबाचा शेंडा. तो हलत होता. वारा नव्हता, तरी हलत होता. कोणाच्या तरी लेकी आल्या होत्या. आबांच्या दोरावर झोका चढत होता, आणि गाणं नदीपर्यंत ऐकू येत होतं.

आबा एका दगडावर बसले. बायका घरोघर जातील, मग जाऊ, असं त्यांनी ठरवलं. पण आखाजीच्या दिवसांत झोका कधी सुटत नाही. एक उतरली की दुसरी चढते. त्यांनी स्वतःच दोर असा बांधला होता की तो आपल्या आपण सुटणार नव्हता.

दिवेलागणीला ते मागच्या बोळातून घरात शिरले. सुगंधाबाई चुलीपुढे होत्या. पावलांच्या आवाजानं त्या उठल्या, पदराला हात पुसत दारापर्यंत आल्या, आणि आबांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या खांद्यावरून मागं, बोळात बघत राहिल्या. आबा बाजूला सरकले. बाईंना नीट दिसावं म्हणून.

"ती मांगे शे ना?" सुगंधाबाईंनी विचारलं.

आबांनी टोपी काढली आणि खुंटीला अडकवली. निंबाखाली कोणीतरी हसत होतं, नि कोणीतरी ओरडून विचारत होतं, "सुगंधाकाकू, सुनंदा उनी का?"